खोडायचं वाक्य

माझ्या नणंदेला बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. ती उभ्यानं चहा पिते, चालताना वाचते, आणि जेवायला बसली तरी एक पाय खुर्चीबाहेर असतो, जणू कुणी हाक मारणारच आहे. सासूबाईंनी तिचं नाव भिंगरी ठेवलं ते उगीच नाही. खरं नाव कागदावर आहे, घरात ते कुणी घेत नाही.

मी या घरात आले तेव्हा ती बारा वर्षांची होती. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "वहिनी, तू कायमची आलीस ना? मग तुझी बॅग मी लावते," आणि माझं उत्तर यायच्या आत लावूनही टाकली. माझ्या साड्या कुठे ठेवल्या ते मला दोन दिवस सापडलं नव्हतं.

तिची बारावी झाली आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. चार वर्षं भिंगरीनं त्यांचं केलं. मी होतेच, पण आईला तीच लागायची. सासूबाई गेल्यावर तिला पाणीपुरवठा कार्यालयात टेलिफोनवर नोकरी लागली. कानाला यंत्र लावायचं आणि दुपारी बारा ते रात्री आठ लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. पाणी आलं नाही, कमी आलं, वेळेवर आलं नाही, आलं पण वास येतो. "नमस्कार, पाणीपुरवठा, बोला," हे तिच्या जिभेवर इतकं बसलं की घरचा फोनही ती तसाच उचलते. माझ्या भावाला एकदा तिनं तक्रार क्रमांक देऊन ठेवला होता.

अशी चौदा-पंधरा वर्षं गेली. मग एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते, ती ओट्यापाशी येरझाऱ्या घालत होती, तेव्हा म्हणाली, "वहिनी, मी कॉलेजात नाव घातलंय."

"कसलं?"

"जनसंपर्क. तीन वर्षांची पदवी. सकाळी सात ते अकरा."

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस सहसा मान वर करत नाही, पण त्या दिवशी केली. "लोकांशी कसं बोलायचं हे शिकायला तीन वर्षं? तू तर रोज दोनशे माणसांच्या शिव्या खातेस."

"तेच तर, दादा. आता शिव्या का पडतात ते शिकणार."

"ते मी फुकट सांगतो. पाणी येत नाही म्हणून."

"नाही. पाणी का येत नाही ते कुणी सांगत नाही म्हणून," ती म्हणाली आणि गॅलरीत निघून गेली.

तेव्हा ती छत्तिशीची होती. वर्गातली मुलं एकोणीस वर्षांची. पहिल्या आठवड्यात सगळे तिला बाई समजून उठून उभे राहायचे, दुसऱ्या आठवड्यात ताई म्हणायला लागले आणि परीक्षा जवळ आली तशी तिच्या वह्या मागू लागले. आमच्या भिंतींवर कागद चिकटले. मोरीच्या वर प्रसारमाध्यमांचा इतिहास, फ्रिजवर सर्वेक्षणाच्या पद्धती. संख्याशास्त्रात ती एकदा नापास झाली, तेव्हा आठवडाभर कुणाशी बोलली नाही. पुन्हा बसली, काठावर सुटली. पण खोटी पत्रकार परिषद घेतात, म्हणजे एकानं कंपनीतर्फे समोर बसायचं आणि बाकीच्यांनी फैलावर घ्यायचं, त्यात तिचा हात कुणी धरेना. पोरांनी तिला काय काय विचारलं, हिचा आवाज चढला नाही. पंधरा वर्षांची तालीम होती.

दुसऱ्या वर्षी ती एकदा फार अस्वस्थ होऊन घरी आली. प्रसिद्धीपत्रक कसं लिहितात ते शिकवलं होतं. त्यात मोठ्या साहेबांच्या तोंडचं म्हणून जे अवतरणात असतं ते साहेब बोललेलेच नसतात, म्हणाली. लिहिणारा लिहितो, साहेबांना दाखवतो, ते हो म्हणाले की ते त्यांचं.

"हे तर खोटं झालं," मी म्हटलं.

"बाईंनाही मी तेच म्हटलं. त्या म्हणाल्या, होकार आला की खोटं नाही."

मला पटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे बसले तेव्हा मनात आलं, मी रोज जी प्रार्थना म्हणते ती तरी मी कुठे लिहिली आहे? कुणीतरी लिहिली, मी म्हणत गेले, म्हणता म्हणता माझी झाली. पण ती मी मनापासून म्हणते, तोंडातून निसटू देत नाही. एवढा फरक मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवला. भिंगरीला सांगितला नाही. ती ऐकायला थांबते कुठे.

तिसऱ्या वर्षी सहा आठवडे कुठल्यातरी संस्थेत काम करायचं असतं. शेवटी त्या संस्थेच्या प्रमुखानं 'काम समाधानकारक' असं पत्र सही करून द्यायचं. ते पत्र नाही तर पदवी नाही, बाकीचे गुण कितीही असोत. तिला नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून कॉलेजनं तिच्याच कार्यालयात परवानगी दिली. सहा आठवडे ती टेलिफोनवरून उठून दुसऱ्या मजल्यावरच्या जनसंपर्क विभागात गेली.

विभाग म्हणजे जिन्यामागची एक खोली, एक खिडकी, डिंकाचा वास, आणि एक अधिकारी. त्यांना सगळे कात्रणकाका म्हणत. तीस वर्षं ते पाण्याविषयी छापून आलेलं सगळं कापून चिकटवत होते. दोन वर्षांनी निवृत्त होणार होते आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. भिंगरीची त्यांना भारी गंमत वाटायची. "तू बस गं जरा, तुझ्याकडे बघून माझी कात्री वाकडी जाते," म्हणायचे.

त्यांनी तिला दोन गोष्टी शिकवल्या ज्या कॉलेजात नव्हत्या. एक, मोठ्या साहेबांकडे कागद जाताना वर चिठ्ठी लावायची: चार वाजेपर्यंत बदल न आल्यास मंजूर समजू. नाहीतर कागद आठ दिवस टेबलावरच झोपतो. आणि दुसरी अशी की प्रत्येक कागदात एक वाक्य खोडायला म्हणून घालायचं.

"म्हणजे?" मी विचारलं होतं.

"म्हणजे जरा जास्तच झालेलं वाक्य. काका म्हणतात, साहेब माणसाला काहीतरी खोडल्याशिवाय आपण साहेब आहोत असं वाटत नाही. तू खोडायला काही दिलं नाहीस तर तो चांगलं वाक्य खोडेल. एक बोकड त्याच्यापुढे बांधून ठेव, बाकीचा कळप सुटतो."

आमचे हे खूप हसले होते. मीही.

पाचव्या आठवड्यात पूर्वेकडच्या वस्त्यांत नळाला तांबूस पाणी यायला लागलं. जुना व्हॉल्व्ह बदलला होता, त्यात पाइपातला गंज सुटला. तीन दिवस झाले तरी पाणी निवळेना. खाली टेलिफोन वाजून वाजून गरम झाले होते. कात्रणकाका डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर, तेव्हा बुधवारी सकाळी वरून निरोप आला की प्रसिद्धीपत्रक काढा. भिंगरीनं एकटीनं ते लिहिलं. काय झालं, कधीपर्यंत नीट होईल, तोवर पाणी कुठून घ्यायचं, सगळं साध्या भाषेत. मी ते नंतर वाचलं. चांगलं होतं. शेवटी मुख्य अभियंत्यांच्या, म्हणजे मोठ्या साहेबांच्या, तोंडी तिनं खोडायचं वाक्य घातलं: 'मी स्वतः शनिवारी सकाळी नऊपासून तक्रार खिडकीवर बसेन आणि प्रत्येकाचं ऐकून घेईन.'

पंधरा वर्षं लोक तिला फोनवर विचारत आले होते, तुमचा साहेब कुठे बसतो, त्याला एकदा द्या फोनवर. तेव्हा हे वाक्य सुचायला तिला वेळ लागला नसणार.

बाराला कागद चिठ्ठी लावून वर गेला. चार वाजले, खाली आला नाही. सव्वाचारला ती स्वतः वर गेली. साहेब नव्हते. त्यांचे स्वीय सहायक म्हणाले, "चार वाजून गेले ना? मग पाठवा. वर्तमानपत्रवाले थांबलेत."

ती परत येऊन संगणकापुढे उभी राहिली. वाक्य समोर होतं. एक बटण दाबलं की गेलं असतं. पण कार्यालयात वाढलेलं डोकं. तिला वाटलं, मंजूर समजलेल्या कागदात आता आपण फिरवाफिरव केली तर ती आपली लबाडी. तिनं जसाच्या तसा पाठवला. हे कारण तिनं मला पुन्हा पुन्हा सांगितलं आणि ते खरं आहे. पण तेवढंच खरं होतं असं मला वाटत नाही, आणि तिलाही वाटत नसावं, नाहीतर इतक्या वेळा सांगितलं नसतं.

गुरुवारी सकाळी ह्यांनी पेपर उघडला आणि मोठ्यानं वाचलं, "मुख्य अभियंता शनिवारी तक्रार खिडकीवर. बघ भिंगरे, तुझा साहेब भला माणूस निघाला."

ती दारात चपला घालत होती. तोंडात पावाचा घास होता. तो तिनं चावलाच नाही, तसाच गिळला आणि गेली.

संध्याकाळी आली ती थेट स्वयंपाकघरात. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. मी विळी बाजूला सरकवली, नाहीतर पाय कापून घेतला असता.

साहेबांनी सकाळीच बोलावलं होतं. हे कुणी लिहिलं? मी. मी असं म्हटलं होतं? नाही. मग?

"मी म्हटलं, चारपर्यंत बदल आला नाही साहेब. तर म्हणाले, मी दोन दिवस पूर्वेच्या टाकीवर उभा आहे, गुडघ्याएवढ्या चिखलात. तिथे तुझी चिठ्ठी आणून कुणी दिली मला?" ती थांबली. "ते खरंच तिथे होते, वहिनी. बुटांवर वाळलेला चिखल होता."

"मग आता?"

"म्हणाले, खुलासा काढ. पेपरनं चुकीचं छापलं म्हणावं. कर्मचारी बसतील असं म्हटलं होतं, यांनी मी बसेन असं छापलं. ते काढलंस की शनिवारी तुझ्या पत्रावर सही करतो."

मी देवाचं नाव घेणारी बाई आहे, पण मी त्या वेळी काय म्हटलं ते लपवून उपयोग नाही. मी म्हटलं, "मग लिहून टाक. दोन ओळी तर आहेत. तीन वर्षं घातलीस."

ह्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ती बातमी देणारी पोरगी आहे ना," भिंगरी म्हणाली, "आमच्या कॉलेजात दोन वर्षं पुढे होती. तिची पहिली नोकरी आहे. तिनं एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मी खुलासा काढला तर तिचा संपादक तिला काढून टाकेल."

"ती तरुण आहे, तिला दुसरी मिळेल. तुला हे पत्र कोण देणार?"

"वहिनी, रोज सकाळी तासभर तू देवापुढे काय म्हणत असतेस गं?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

भाजी तळाला लागली होती. मी गॅस बारीक केला आणि ती ढवळत राहिले.

मग ह्यांनीच तोंड उघडलं. "माझ्याकडे माणूस बंद घड्याळ आणतो. मी उघडून सांगतो, आत पाणी गेलंय. तो बाहेर जाऊन सांगतो, घड्याळजीनं बिघडवलं. सगळं सहन होतं, ते होत नाही." आणि भिंग परत लावलं.

शुक्रवारी तिनं खुलासा लिहिला. पण साहेबांनी सांगितला तो नाही. त्यात तीन वाक्यं होती: शनिवारचं वाक्य प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनीनं लिहिलं होतं. ते मुख्य अभियंत्यांनी पाहिलेलं नव्हतं. वर्तमानपत्रानं मिळालं तेच छापलं आहे. वर चिठ्ठी लावली नाही. स्वतः घेऊन गेली आणि साहेबांचं वाचून होईपर्यंत टेबलासमोर उभी राहिली.

"हे छापलं तर लोक म्हणतील हा न वाचता कागद सोडतो," साहेब म्हणाले.

"हो."

"मी सांगितलं ते का नाही लिहिलंस?"

"ते झालं नाही, साहेब."

"जा तू."

ती गेली. कागद त्यांनी ठेवून घेतला. छापायला द्या म्हणाले नाहीत, देऊ नका म्हणाले नाहीत, आणि उद्या येणार की नाही तेही सांगितलं नाही. त्या दिवशी ती आठला घरी आली आणि तिनं कपड्यांचं कपाट लावायला काढलं. माझं.

शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. बाजारातून काही आणायचं आहे म्हटलं, ती म्हणाली कार्यालय बाजाराच्या उलट्या दिशेला आहे, मी म्हटलं असू दे.

तळमजल्यावर लांबट दालन, भिंतीला लावलेली बाकं, समोर काचेची खिडकी. काचेला छातीच्या उंचीवर एक गोल भोक, त्यातून बोलायचं. आठ वाजल्यापासून माणसं जमली होती. मी चाळीस मोजली आणि सोडून दिलं. बहुतेकांच्या हातात बाटल्या, सगळ्यांचा रंग कडक चहाचा. एका बाईनं शाळेचा पांढरा सदरा आणला होता, तो आता पांढरा म्हणवत नव्हता. काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती.

नऊ वाजले. मी कोपऱ्यातल्या बाकावर मनात नाव घेत बसले, पण आकडा चुकत होता. भिंगरी दारापासून खिडकीपर्यंत चालत होती.

"पेपरात आलं म्हणजे येत नाही," एक म्हातारेबुवा शेजाऱ्याला म्हणाले. "न छापता आला असता."

"आजोबा, सकाळची वेळ आहे, शुभ बोला."

"शुभ बोलायला आधी चूळ भरावी लागते. पाणी कुठंय?"

दालन हसलं. भिंगरी हसली नाही. नऊ वीस झाले. तिनं बाजूचं फळकूट उचललं, आत गेली आणि त्या खुर्चीत बसली. मी दुरून बघत होते. तिचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले होते. भोकाजवळ तोंड नेऊन ती म्हणाली, "नमस्कार, पाणीपुरवठा, बोला. साहेब अजून आलेले नाहीत. येतील असं मी सांगू शकत नाही. तोवर मी लिहून घेते."

"तू कोण?" सदरावाल्या बाईनं विचारलं.

"टेलिफोनवर असते ती मीच."

"आवाजावरून वाटलंच. तू सांगतेस 'काम सुरू आहे', तीच ना?"

"तीच."

दोन तक्रारी लिहून झाल्या असतील, मागचं दार उघडलं आणि साहेब आत आले. उंच, पन्नाशीचे, दाढी वाढलेली. तिला "ऊठ" म्हणाले, एवढंच. ती उठली, ते बसले.

सुरुवात काही बरी नव्हती. ते व्हॉल्व्ह कसा असतो ते सांगायला लागले. सदरावाली म्हणाली, "साहेब, व्हॉल्व्ह नका पाजू, पाणी पाजा." त्यांचे कान लाल झाले. पण भोक खाली होतं आणि ऐकायला त्यांना वाकावंच लागत होतं, आणि वाकलेल्या माणसाला फार वेळ भाषण देता येत नाही. दहाच्या सुमाराला ते भिंगरीकडून पेन मागून स्वतः घर क्रमांक लिहायला लागले. कुठल्या गल्लीत पाणी निवळलं आणि कुठल्या गल्लीत नाही हे त्यांना तिथेच पहिल्यांदा नीट कळलं असावं, कारण मध्येच त्यांनी कुणालातरी फोन लावून तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी खणायला सांगितलं. बारा वाजले तेव्हा रांग संपली नव्हती. ते पाऊणपर्यंत बसले.

शेवटचा माणूस गेल्यावर भिंगरीनं पिशवीतून पत्र काढून पुढे ठेवलं. मी बाकावरून उठून जवळ गेले होते. साहेबांनी ते वाचलं.

"आज बसलो ते बरं झालं," ते म्हणाले. "हे मी कबूल करतो. पण इथे लिहिलंय, काम समाधानकारक. मी न म्हटलेलं माझ्या नावानं शहरभर गेलं. आज गंजाच्या पाण्याबद्दल गेलं, उद्या पाणी पिऊ नका असं गेलं तर? याला मी समाधानकारक कसं म्हणू?"

भिंगरीनं तक्रारींचे कागद एकावर एक जुळवले.

"वाईट लिहिलं तर तुझी नोकरीही धोक्यात येईल. म्हणून मी काहीच लिहीत नाही. सोमवारपासून टेलिफोनवर जा." त्यांनी पत्र होतं तसं घडी घालून तिच्या हातात परत दिलं. कालचा खुलासाही खिशातून काढून दिला. "हा आता लागणार नाही."

परतताना ती इतकी भरभर चालत होती की मला धाप लागली. मी म्हटलं, "कसला माणूस. तुझ्यामुळे चाळीस जणांचे आशीर्वाद मिळाले त्याला, आणि एक सही देववत नाही."

"त्याचं बरोबर आहे, वहिनी."

"काय बरोबर आहे?"

"मी त्याच्या जागी असते तर मीही केली नसती." थोडं पुढे जाऊन म्हणाली, "पण मी त्याच्या जागी असते तर चिडले असते माझ्यावर. तो चिडला नाही, त्याचंच वाईट वाटतंय."

कॉलेजच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, नियमाला इलाज नाही. दुसऱ्या संस्थेत पुन्हा सहा आठवडे, म्हणजे पदवी पुढच्या सत्रात. वर्गातली पोरं पदव्या घेऊन मोकळी होतील, ही चाळिशी कॉलेजातच गाठणार. नोकरीतून रजा मिळवायची ते वेगळंच. कात्रणकाका डोळ्यावर पट्टी असताना आम्हाला भेटायला आले, ओशाळले होते. म्हणाले, तीस वर्षं माझं प्रत्येक वाक्य खोडलं गेलं, मला काय ठाऊक असा दिवस येईल.

तिनं आत्तापर्यंत तीन ठिकाणी विचारलं. सगळे एकच विचारतात, मागच्या ठिकाणचं पत्र का नाही? ती सगळं सांगते, पहिल्यापासून. मी म्हटलं, थोडक्यात सांगत जा, रजा संपली म्हणावं. ती म्हणाली, तू पुन्हा खुलासा काढायला लावू नकोस मला. दोन ठिकाणांहून नकार आला. तिसरी जागा म्हणजे रक्तपेढी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं, मध्ये एकदा हसल्या म्हणे, कशाला हसल्या ते हिला कळलं नाही. गुरुवारी कळवते म्हणाल्या.

आज गुरुवार आहे. सकाळच्या प्रार्थनेत मी त्या पत्रासाठी काही मागितलं नाही. नेमकं काय मागावं ते ठरेना. ती कॉलेजला जाऊन आली, कामावर गेली. फोन घरी येणार आहे, कारण कामावर तिला तिचा स्वतःचा फोन घेता येत नाही. मी ओट्यापासून दारापर्यंत दोनदा जाऊन आले. ह्यांनी मान वर न करता विचारलं, "तुला काय झालं आता?"